जुन्या संगणकाचे बक्षीसपत्र

मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. १२ फेब्रुवारी २००८

प्रिय हौसाताई हिस,
सप्रेम जयभीम.

तुझ्या आक्काच्या निधनानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाहून तू चंद्रपूरला परतलीस, त्यास आज तीन महिने होत आहेत. मध्यंतरी तुझी दोन पत्रे आली. उत्तर देण्याचे माझ्याकडून राहिले. दोष माझा आहे.

आज लिहिण्याचे कारण तांत्रिक स्वरूपाचे आहे. तू तंत्रनिकेतनातील संगणकाची प्रयोगशाळा सांभाळतेस, म्हणून तुलाच विचारतो. आक्का मुरगूडच्या शाळेतून निवृत्त झाली त्या वर्षी, म्हणजे २००१ साली, घेतलेला आपला संगणक गेल्या महिन्यात बंद पडला. दुरुस्तीस आलेल्या माणसाने आतली डिस्क शाबूत असल्याचे सांगून तीवरील सर्व मजकूर एका सीडीवर उतरवून दिला आहे. चिरंजीव प्रसेनजीतने पुण्याहून येताना नवा संगणक आणून ठेवला आहे. परंतु सीडीतील मराठी मजकूर त्यावर उघडला असता इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि कंस यांचा नुसता खच पडलेला दिसतो. मराठी टंकलेखनाचे आपले जुने सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चढत नाही.

सदर सीडीमध्ये निवृत्तिवेतनधारक संघाचे काही जुने कागद आहेत व संघास ते तातडीने हवे आहेत. व्यक्तिशः माझे त्यात काही नाही.

कृपया उपाय लेखी कळवावा. दूरध्वनी करू नये. दूरध्वनीवर काय ठरले ते मागाहून काढून पाहता येत नाही.

तुझा,
जोतीराम शिंगे
सेवानिवृत्त दुय्यम निबंधक

*

चंद्रपूर
२० फेब्रुवारी २००८

आदरणीय दाजींस,
जयभीम.

सहीखाली हुद्दा लिहिलात ते बरं केलंत. नाहीतर मी विचार करत बसले असते, की आमच्या आक्काचा नवरा हाच की दुसरा कुणी जोतीराम शिंगे.

तुमच्या अडचणीवर उपाय आहे आणि तो तुम्हाला अजिबात आवडणार नाही. नव्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक उभा करायचा. खरा नव्हे, नुसता कारभार खऱ्यासारखा. पडद्यावर एक चौकट उघडते, त्या चौकटीत जुनं विंडोज ९८ चालतं, आणि त्या बिचाऱ्याला वाटत राहतं की आपण अजून २००१ सालातच आहोत. त्याच्यावर आक्काचं मराठी सॉफ्टवेअर बिनबोभाट चढेल. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ते बनवणारं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. म्हणजे ते लिहिणाऱ्यांनी सगळ्या जगासाठी खुलं सोडलंय, कुणीही घ्यावं, पैसे लागत नाहीत.

विंडोज ९८ ची मूळ सीडी लागेल. ती तुमच्याकडे असणारच. बिलासकट, प्लास्टिकच्या पिशवीत, लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात. चुकत असेन तर सांगा.

हे सॉफ्टवेअर मीच सीडीवर घालून पाठवलं असतं, पण सरकारी प्रयोगशाळेतून सॉफ्टवेअर बाहेर देणं नियमात बसत नाही. तुम्हाला नियम वेगळे काय सांगायचे? तेव्हा जवळच्या नेट कॅफेत जाऊन तुम्हालाच ते डाउनलोड करून आणावं लागेल. कसं, ते सोबतच्या दोन कागदांवर लिहिलंय. अडलं तर कॅफेवाल्याला विचारायचं. विचारल्याने कमीपणा येत नाही.

आणि हो, संघाला माझा जयभीम सांगा. पेन्शनरांना कसली तातडी असलेली मी पहिल्यांदाच ऐकते आहे.

तुमची,
हौसा

*

मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. ९ मार्च २००८

प्रिय हौसाताई,
सप्रेम जयभीम.

नियमाबाबतची तुझी भूमिका वाचून समाधान वाटले. सीडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात आहे, वरच्या नव्हे.

घरापासून दोन गल्ल्या पलीकडे अल्ताफ नावाच्या तरुणाचे नेट कॅफे आहे. मला तेथे तीन वेळा जावे लागले. पहिल्या दिवशी सत्तर टक्के उतरून झाल्यावर लोडशेडिंग सुरू झाले. दुसऱ्या दिवशी वेळापत्रक पाहून गेलो. त्या दिवशी वीज वेळापत्रकाच्या अर्धा तास आधी गेली. यासंबंधी मी अल्ताफकडे लेखी तक्रारीचा विषय काढला असता तो म्हणाला, "सर, तक्रार टाइप करायला पण लाईट लागतीया की." मुद्दा बिनतोड होता.

दोन्ही दिवशी वीज येईपर्यंत थांबणे भाग होते. गल्ल्यावर त्याचे वडील फक्रुद्दीन बसतात. त्यांनी मला पाहताक्षणी ओळखले. त्यांच्या गाळ्याचा दस्त माझ्याच कारकिर्दीत नोंदवला गेला होता. "तीन खेपा परत पाठवलासा," ते म्हणाले, "एकदा बापाचं नाव चुकलं म्हणून, एकदा दिशा चुकली म्हणून, आणि तिसऱ्यांदा तर काय चुकलंतं ते मला अजून कळालं न्हाय." मलाही स्मरेना. त्यांनी चहा मागवला. नको म्हटले तरी प्यावा लागला. दुसऱ्या दिवशीही प्यावा लागला.

तिसऱ्या दिवशी डाउनलोड पूर्ण झाले. अल्ताफने ते सीडीवर उतरवून दिले. घरी येऊन तुझ्या टिपणातील चौथ्या पायरीपर्यंत पोहोचलो आणि तेथे थांबलो आहे. पडद्यावर एक परवाना येतो व त्याखाली 'मला मान्य आहे' अशा अर्थाचे बटण आहे. त्याविषयी तुझ्या टिपणात केवळ "दाबा" एवढाच शब्द आहे. हौसाताई, तीस वर्षे मी प्रत्येक पक्षकारास विचारत आलो, की दस्त वाचलात का, समजला का, राजीखुशीने सही करता का. तो मी न वाचता कसा मान्य करावा?

परवाना अल्ताफकडून छापून आणला आहे. बारीक अक्षरांत नऊ पाने. शब्दकोश घेऊन बसलो आहे.

तुझा,
जोतीराम शिंगे

*

चंद्रपूर
१७ मार्च २००८

प्रिय दाजी,

माझ्या प्रयोगशाळेत बावीस संगणक आहेत. वीस वर्षांत शेकडो पोरं शिकून गेली. त्यातल्या एकानेही तो परवाना वाचलेला नाही. मी नाही, आमच्या प्राचार्यांनी नाही. लिहिणाऱ्याने तरी छापण्याआधी पुन्हा वाचला असेल का, मला शंका आहे. तुम्ही पहिलेच. त्या लोकांना कळलं तर तुमचा सत्कार ठेवतील.

बटण दाबा. संघ खोळंबला असेल.

हौसा

*

मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. २ एप्रिल २००८

प्रिय हौसाताई,
सप्रेम जयभीम.

परवाना संपूर्ण वाचून झाला. दस्त म्हणून तो उत्तम आहे. लिहिणाऱ्याने तो पुन्हा वाचलेला आहे, याविषयी माझी खात्री आहे; एकही कलम दुसऱ्यास छेद देत नाही.

त्याचे स्वरूप ठरवण्यात मात्र माझे चार दिवस गेले. मोबदला नाही, म्हणजे ते खरेदीखत नव्हे. मुदत नाही, म्हणजे भाडेपट्टा नव्हे. देणारा कोणतीही हमी देत नाही, मात्र घेणाऱ्यास वापरण्याची, बदलण्याची, पुढे देण्याची मुभा देतो. माझ्या मते ते बक्षीसपत्राच्या सर्वांत जवळचे आहे. बक्षीसपत्र म्हटले की स्वीकार आला आणि दोन साक्षीदार आले. कायद्याने या ठिकाणी साक्षीदारांची सक्ती नसावी, हे मला समजते. परंतु एवढी मोठी वस्तू कोणा अनोळखी माणसांनी फुकट द्यावी आणि आपण ती बंद खोलीत एकट्याने बटण दाबून घ्यावी, हे माझ्या मनास पटेना.

म्हणून गेल्या रविवारी सकाळी अल्ताफ व फक्रुद्दीनभाई यांना घरी बोलावले. परवान्याचा सारांश मी मराठीत वाचून दाखवला. अल्ताफ हसू दाबण्यासाठी सारखा खिडकीबाहेर पाहत होता. फक्रुद्दीनभाईंनी मात्र शेवटपर्यंत नीट ऐकले आणि विचारले, "देणारी माणसं कुठली म्हणायची?" जगभरची, निरनिराळ्या देशांतली, असे मी सांगितले. ते म्हणाले, "मग सही कुठं करायची सांगा. न्हायतर अंगठा देतो." एका कागदावर दिनांक व वेळ घालून दोघांच्या सह्या घेतल्या आणि दहा वाजून वीस मिनिटांनी मी बटण दाबले.

चहा मला करावा लागला. आक्का गेल्यानंतर घरात पाहुण्यांसाठी चहा झाला नव्हता. साखरेचा डबा सापडण्यास वेळ लागला. चहा कडू झाला असावा, कारण फक्रुद्दीनभाईंनी स्तुती केली आणि कप अर्धा ठेवला.

सॉफ्टवेअर व्यवस्थित बसले. नवे यंत्र तयार करताना, त्यास किती स्मृती द्यायची, असे विचारले गेले. तुझ्या टिपणाप्रमाणे ५१२ पैकी १२८ दिली. दिलेली स्मृती परत मिळते काय, हे कळवावे.

आता मुख्य मुद्दा. परवान्याचे पहिलेच कलम सांगते, की या सॉफ्टवेअरची प्रत कोणीही कोणासही देऊ शकतो. असे असता, ते प्रयोगशाळेबाहेर देणे नियमात बसत नाही, असे विधान तू दि. २० फेब्रुवारीच्या पत्रात केले आहेस. तसेच अल्ताफच्या सांगण्यावरून कळले, की मूळ सीडी तुझ्याकडे टपालाने पाठवली असती, तर तुझ्या प्रयोगशाळेत सर्व मजकूर वाचून छापून देणे हे एका दुपारचे काम होते.

उपरोक्त दोन्ही बाबींचा लेखी खुलासा करावा.

जोतीराम शिंगे

*

चंद्रपूर
१० एप्रिल २००८

प्रिय दाजी,

खुलासा सादर करते.

दोन्ही आरोप मान्य. साक्षीदार नकोत. सीडी पाठवायला फक्त टपालखर्च लागला असता, आणि तुमचं काम एका दुपारचंही नव्हतं, चहापाणी धरून तासाभराचं होतं. मी खोटं बोलले. परवाना जगात कुणी वाचत नाही, म्हणून पचेल असं वाटलं. तुम्ही वाचणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. एवढ्या वर्षांची ओळख आपली.

कारणही सांगते. जानेवारीत प्रसेनजीतचा फोन आला होता. म्हणाला, बाबा पेन्शनच्या दिवसाखेरीज घराबाहेर पडत नाहीत. भाजीवाला दारात येतो म्हणून भाजी, नाहीतर तीही नसती. कुणी आलं तर दार उघडतात, "प्रकृती ठीक आहे" म्हणतात आणि लावून घेतात. मी चंद्रपुरात बसून काय करणार होते? उपदेश केला असता तर तुम्ही पोच दिली असती. मग तुमचं पत्र आलं. मला वाटलं, काम अवघड असलं तर माणूस बाहेर तरी पडेल, चार जणांना विचारेल. तुम्ही तर साक्षीदार घरी आणून चहा पाजलात. माझ्या टिपणात ही पायरी नव्हती.

स्मृती परत मिळते. आतला संगणक बंद केला की जेवढी दिली तेवढी बाहेरच्याला परत. पावती मिळत नाही.

आता तुमचा खुलासा. संघाचे कागद म्हणता ते कुठल्या फाइलीत आहेत, दाजी? कारण त्या संगणकावर तुम्ही कधी बसल्याचं मला आठवत नाही. आक्का बसायची. तिची एक फाइल होती, 'साहेब' नावाची. सहा वर्षं लिहीत होती. मी कितीदा मागितली. म्हणायची, "यांनी एकदा वाचली की मग तुला देते." मला अजून मिळालेली नाही. म्हणजे तुम्ही वाचलेली नाही. ती आणखी कुठे नाही, फक्त तुमच्या त्या सीडीवर आहे.

उत्तर सावकाश द्या.

हौसा

*

मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. २८ एप्रिल २००८

प्रिय हौसाताई,

संघाचा कोणताही कागद त्या सीडीत नाही. माझे विधान असत्य होते.

चौकटीतील विंडोज ९८ दि. १५ रोजी सुरू झाले. दोन वेळा अडले, तिसऱ्यांदा चालले. त्यावर मराठी सॉफ्टवेअरही बसले. पडद्यावर तोच हिरवट निळा रंग आला, आणि सुरू होतानाचा तोच आवाज. पूर्वी स्वयंपाकघरात असलो तरी त्या आवाजावरून समजत असे, की ती लिहावयास बसली आहे. या वेळी मी खुर्चीवर होतो आणि स्वयंपाकघर रिकामे होते. मी चौकट बंद केली.

तेव्हापासून सीडी यंत्रातच आहे. 'साहेब' हे नाव पडद्यावर दिसते. त्यावर दोनदा बोट दाबले की फाइल उघडेल. तेरा दिवस झाले, मी उघडलेली नाही.

हे अन्य कोणास सांगण्यासारखे नाही. तिने मला तीन वेळा ती वाचण्यास सांगितले होते. पहिल्यांदा मी म्हणालो, शुद्धलेखन तपासून दे. दुसऱ्यांदा म्हणालो, पूर्ण झाल्यावर एकदमच वाचतो. तिसऱ्यांदा ती दवाखान्यातून घरी आली होती, गेल्या सप्टेंबरात. "वाचून बघा की जरा," म्हणाली. मी म्हणालो, आधी बरी हो, मग पाहू. तिने पुन्हा विषय काढला नाही.

तुला वाटेल, मला तिच्या लिहिण्याची किंमत नव्हती. तसे नव्हते. ते वाईट असेल, अशी मला भीती होती. वाईट असते तर मला खोटे बोलता आले नसते, आणि खरे बोलवले नसते. एवढ्यासाठी मी सहा वर्षे टाळले. नावही 'साहेब' असे आहे. त्यात माझ्याविषयी काय लिहिले असेल, याचीही धास्ती आहे. तिला माझ्याविषयी तक्रार असेल, तर तिला उत्तर देण्याची वेळ आता टळून गेली आहे.

प्रकृती ठीक आहे.

जोतीराम शिंगे

*

चंद्रपूर
५ मे २००८

प्रिय दाजी,

पत्र दोनदा वाचलं. प्रयोगशाळेत पोरं होती म्हणून स्टोअरच्या खोलीत जाऊन वाचलं.

एकच दुरुस्ती. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, असं लिहिलंत. निवृत्तिवेतनधारक संघाचं प्रकरण तुम्ही अडीच महिने चालवलंत, हौसासारख्या बाईसमोर. तेव्हा ती काळजी सोडा.

लिखाण वाईट निघालं तर मला कळवा. ती माझी बहीण आहे, मी तिच्या बाजूने तुमच्याशी भांडेन. तक्रार निघाली तर तुमच्या बाजूने तिच्याशी भांडेन. पण उघडल्याशिवाय मी कुणाच्याच बाजूने काही करू शकत नाही.

मीही सहा वर्षं वाट बघते आहे, दाजी. तिने तुमचा नंबर आधी लावलाय. तुम्ही रांग अडवून उभे आहात.

तुमची,
हौसा

*

मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. २४ मे २००८

प्रिय हौसाताई,
सप्रेम जयभीम.

दि. ११ मे रोजी सकाळी फाइल उघडली. संपूर्ण वाचली. त्यानंतर आणखी दोन वेळा वाचली.

ती कादंबरी आहे. एका तालुक्याच्या गावातील दुय्यम निबंधक, त्याची कचेरी, दस्त करण्यास येणारी माणसे. सहा प्रकरणे पूर्ण आहेत. सातव्याचे केवळ शीर्षक आहे. शुद्धलेखनाच्या एकशे बेचाळीस चुका आहेत. आणि लिखाण चांगले आहे. हे मी विचारपूर्वक लिहितो. चौथ्या प्रकरणात एक म्हातारी शेत लेकाच्या नावे करण्यास येते आणि अंगठा शाईत बुडवून तसाच धरून बसते, कागदावर टेकवत नाही. ती दोन पाने वाचताना मला उठून फेरी मारावी लागली. अशी एक म्हातारी खरोखर आली होती. एका संध्याकाळी जेवताना मी आक्काला दोन वाक्यांत सांगितले असेन. तिने त्याची दोन पाने केली आणि त्यात मी न सांगितलेले सर्व आहे.

नायक मीच आहे, यात शंका नाही. पहिलेच वाक्य असे: 'साहेबांना हसू आले, तर ते कोणत्या कलमाखाली बसते, हे आधी पाहत आणि मगच हसत.' हे अतिशयोक्त आहे. पुढेही माझ्या वागण्याची बरीच टवाळी आहे. छत्रीला नावाची चिठ्ठी शिवणे, लग्नपत्रिकेतील चूक दुरुस्त करून ती यजमानास परत पाठवणे, वगैरे. वस्तुस्थिती नाकारता येत नाही. वाचताना मला काही ठिकाणी मोठ्याने हसू आले. तक्रार मात्र कोठेही सापडली नाही. शोधली होती.

आता तुला जे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे ते सांगतो. मजकुरात मध्येच अकरा ठिकाणी जागा सोडलेली आहे. प्रत्येक ठिकाणी चौकोनी कंस, आणि त्यात एक प्रश्न. 'अंगठा पुसट उठला तर काय करतात? यांना विचारायचे.' 'साक्षीदार दारू पिऊन आला तर? यांना विचारायचे.' 'दस्त वाचून दाखवताना पक्षकाराला झोप लागली, तर पुन्हा पहिल्यापासून वाचतात की जागा केल्यावर तिथून पुढे? यांना विचारायचे.' याप्रमाणे अकरा.

सहा वर्षे माझी समजूत अशी होती, की ती माझा अभिप्राय मागते आहे. हौसाताई, तिला अभिप्राय नको होता. तिला कचेरीची माहिती हवी होती. ती देणारा मी एकटाच होतो आणि ती देण्यात मला कोणतीही अडचण नव्हती. मी आनंदाने दिली असती. तीस वर्षांत कोणी मला विचारले नव्हते.

मी उत्तरे लिहावयास घेतली. त्याच चौकटीत, तिच्याच फाइलीत, प्रत्येक कंसाखाली. मराठीची कळफलकावरील अक्षरे मला माहीत नव्हती. एकेक शोधून काढावे लागले. आठवड्यात दहा प्रश्न झाले. झोपलेल्या पक्षकारास पहिल्यापासून वाचून दाखवावे लागते, हे मी सकारण लिहिले आहे.

अकरावा प्रश्न सहाव्या प्रकरणाच्या शेवटी आहे. जसाच्या तसा उतरवतो.

'कचेरी सुटते, शिपाईही जातो, तरी साहेब तासभर आत बसून राहतात. घरी बायकोला सांगतात, काम होते. काम नव्हते, हे तिला माहीत आहे. [मग ते करतात काय? यांना विचारायचे. चिडतील. तरी विचारायचे.]'

यावर माझे पाच दिवस गेले. काल लिहिले. मी तेथे कथा वाचत असे. टेबलाच्या खालच्या खणात मासिके ठेवलेली असत आणि किल्ली माझ्याजवळ असे. अधिकाऱ्याने कथा वाचताना कोणास दिसू नये, असे मला वाटे. घरी नेली असती तर आक्काने विचारले असते, आवडली का; आणि आवडली हे सांगणे मला जमत नसे. म्हणून तेथेच वाचून, खण बंद करून, काम होते असे सांगत मी घरी येत असे. हे सर्व मी कंसाखाली लिहिले. शेवटी असेही लिहिले, की त्या मासिकांत अशी कथा आली असती, तर मी त्या दिवशी तासाऐवजी दोन तास थांबलो असतो.

फाइलची प्रत स्वतंत्र सीडीवर आजच्या टपालाने तुला पाठवली आहे. तुझा क्रमांक लागला. मी भरलेला मजकूर वेगळा ओळखू यावा म्हणून अधोरेखित केला आहे. तिचा एकही शब्द बदललेला नाही. शुद्धलेखनही तसेच ठेवले आहे.

काल अकरावे उत्तर पूर्ण झाल्यावर मी खुर्चीवरून उठलो नाही. शेवटच्या शब्दापुढे ती उभी रेघ लुकलुकत होती. बऱ्याच वेळाने माझ्या ध्यानात आले, की मी तिच्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहत आहे. आणखी थोडा वेळ थांबलो. मग फाइल जतन केली आणि संगणक रीतसर बंद केले, आधी आतला, नंतर बाहेरचा.

तुझा,
जोतीराम शिंगे